विकत घेतलेला गेम कुणाचा?

२०१३च्या जून महिन्यात सोनी कंपनीनं यूट्यूबवर एक व्हिडिओ टाकला. लांबी अर्ध्या मिनिटाहून कमी. येऊ घातलेल्या पीएस४वर आपला गेम मित्राला कसा द्यायचा, ते शिकवणारा. शूहेई योशिदा आणि ॲडम बॉइस हे कंपनीचे दोन अधिकारी समोरासमोर उभे. एक जण गेमची डबी पुढं करतो, दुसरा ती घेतो. शिकवणी संपली.

एवढ्यावर जगभरचे गेमर पोट धरून हसले. कारण त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टनं आपल्या नव्या एक्सबॉक्स वनचे नियम जाहीर केले होते. डिस्क विकत घेतली तरी तो गेम तुमच्या खात्याला बांधला जाणार. यंत्रानं २४ तासांतून एकदा इंटरनेटवर जाऊन हजेरी लावायची, नाही लावली तर गेम बंद. मित्राला गेम द्यायचा तर तो किमान ३० दिवस तुमच्या यादीत असला पाहिजे आणि एक गेम असा एकदाच देता येणार. जुना गेम विकायचा तर ठरावीक दुकानांतच, तेही प्रकाशकाची ना नसेल तर. लोक इतके खवळले की १९ जूनला मायक्रोसॉफ्टनं हे नियम गुंडाळून ठेवले.

डिस्क जिंकली, असा तेव्हा सगळीकडे सूर होता.

आता पुढचं बघा. सात वर्षांनी, २०२०मध्ये, त्याच सोनीनं पीएस५ दोन रूपांत आणला. त्यातल्या एकाला डिस्क घालायला फटच नव्हती. आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ला तो आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत होती ४९,९९० रुपये आणि बिनडिस्कवाल्याची ३९,९९०. २०२४मध्ये आलेल्या महागड्या पीएस५ प्रोमध्ये तर ड्राइव्ह दिलाच नाही. हवा असेल तर वेगळे पैसे मोजून जोडायचा. सोनीच्याच आकडेवारीनुसार २०२३-२४ या वर्षात कंपनीच्या यंत्रांसाठी विकल्या गेलेल्या पूर्ण गेमपैकी सुमारे ७० टक्के डाउनलोडनं गेले. या वेळी फारसं कुणी खवळलं नाही. जे हुकूम काढून साधलं नाही, ते सोयीनं साधलं.

डिस्क की डाउनलोड, हा वाद एरवी सोयीचा म्हणूनच घातला जातो. कपाटात जागा किती, नेट किती वेगाचं, सेल कधी लागतो. मला त्यात एक जुना प्रश्न दिसतो. तो गेमपेक्षा, कॉम्प्युटरपेक्षाही जुना आहे. वस्तू विकून झाल्यावर विकणाऱ्याचा तिच्यावर किती हक्क उरतो?

८९ सेंटची कादंबरी

१९०४ साली अमेरिकेतल्या बॉब्ज-मेरिल या प्रकाशन संस्थेनं ‘द कास्टअवे’ नावाची कादंबरी काढली आणि आत एक सूचना छापली. या पुस्तकाची किंमत एक डॉलर आहे. कुणाही विक्रेत्याला याहून कमी भावात ते विकायची परवानगी नाही. विकलं तर तो कॉपीराइटचा भंग समजला जाईल.

न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानानं ते ८९ सेंटला विकायला काढलं. प्रकाशक कोर्टात गेले. दुकानाचे मालक होते स्ट्रॉस बंधू. त्यांतले इसिडोर स्ट्रॉस पुढं १९१२मध्ये टायटॅनिकवर बुडाले, म्हणून त्यांचं नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल. १९०८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. कॉपीराइटमुळं प्रकाशकाला प्रती काढण्याचा आणि त्या विकण्याचा हक्क मिळतो. पण एकदा प्रत विकली की त्या प्रतीचं पुढं काय करायचं, हे आत छापलेल्या सूचनेनं ठरत नाही. ज्यानं पैसे मोजले, प्रत त्याची.

हे तत्त्व आपल्या रोजच्या जगण्यात इतकं मुरलेलं आहे की ते तत्त्व आहे हेच लक्षात येत नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जूनमध्ये जुनी क्रमिक पुस्तकं निम्म्या किमतीत मिळतात. दिवाळी अंक एका घरी येतो आणि चार घरांत फिरून परत येतो, किंवा येतही नाही. गावोगावची वाचनालयं तर याच्यावरच उभी आहेत. यात लेखकाला पुन्हा पैसे मिळत नाहीत, हे खरं. पण यातूनच पुढचा वाचक तयार होतो, हेही तितकंच खरं.

बॉब्ज-मेरिलची ती सूचना नीट आठवणीत ठेवा. शंभरेक वर्षांनी ती परत येणार आहे, आणि या वेळी ती निव्वळ छापील असणार नाही.

कॅसेट आणि तबकडी

गेमची जी पहिली रूपं घराघरांत आली, त्यांत मालकीचा प्रश्न सोपा होता. प्लॅस्टिकच्या डबीत एक चिप असायची. इंग्रजीत तिला कार्ट्रिज म्हणत असले तरी आपण तिला कॅसेटच म्हटलं. नव्वदच्या दशकात आमच्याकडे जे टीव्ही गेम आले, ते बहुतेक जपानी निन्टेन्डोच्या यंत्राच्या चिनी-तैवानी नकला होत्या. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं असायचं. प्रत्यक्षात दहा-पंधरा गेम, तेच रंग बदलून आणि पातळ्या बदलून पुन्हा पुन्हा. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची. कंटाळा आला की दुकानात नेऊन वर दहा-वीस रुपये देऊन बदलून आणायची. गल्लीत एकाकडे मारिओ, दुसऱ्याकडे काँट्रा आणि दुपार एकत्र. आमच्यातल्या कुणाच्याच आई-वडिलांनी चार कॅसेटी घेऊन दिल्या नव्हत्या, तरी आम्ही सगळ्यांनी वीसेक कॅसेटी खेळलो होतो. हा हिशेब फक्त वस्तू हातातून हातात जाऊ शकते म्हणून जमत होता.

कॅसेटचं दुखणं होतं जागा आणि खर्च. चिप महाग. निन्टेन्डो ६४ या यंत्राच्या सगळ्यात मोठ्या कॅसेटमध्ये ६४ एमबी मावायचे. त्याच काळातल्या सीडीत ६५० एमबी मावत होते आणि ती छापायला अगदी किरकोळ खर्च यायचा. सोनीचं पहिलं प्लेस्टेशन डिसेंबर १९९४मध्ये जपानात आलं ते सीडी घेऊनच. ‘फायनल फँटसी’ ही मालिका तोवर निन्टेन्डोच्या यंत्रांवर निघायची. तिचा सातवा भाग १९९७मध्ये निघाला तो प्लेस्टेशनवर, तीन सीडींमध्ये. जो मजकूर कॅसेटमध्ये मावणारच नव्हता, तो निन्टेन्डोला सोडून गेला. पुढं डीव्हीडी आली ४.७ जीबीची, मग ब्लू-रे आली एका थरात २५ जीबीची. प्रत्येक वेळी नव्या तबकडीबरोबर गेम फुगले.

कंपन्यांना हातातून हातात जाणं पहिल्यापासून खुपत होतं. १९८९मध्ये निन्टेन्डोनं अमेरिकेतल्या ब्लॉकबस्टर या व्हिडिओ भाड्यानं देणाऱ्या साखळीवर दावा लावला. गेम भाड्यानं देणं कायद्यानं थांबवता येत नव्हतं. मग दावा कशाचा, तर सोबतच्या माहितीपुस्तिकेची झेरॉक्स काढल्याचा. दुसऱ्याच वर्षी अमेरिकी संसदेनं सॉफ्टवेअर परवानगीशिवाय भाड्यानं द्यायला बंदी करणारा कायदा केला, पण टीव्हीला जोडून खेळायच्या गेमना त्यातून वगळलं. जपानात गेम कंपन्या जुने गेम विकणाऱ्या दुकानदारांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. एप्रिल २००२मध्ये निकाल लागला, जुने गेम विकणं कायदेशीर आहे. कोर्टात कंपन्या हरत होत्या. त्यामुळं कोर्टाबाहेरचा मार्ग हवा होता.

डाउनलोड तितका नवा नाही

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी गेमची डिस्क हातात धरलेलीच नसेल. म्हणून डाउनलोड ही कालपरवाची गोष्ट वाटू शकते. पण १९८३मध्येच कंट्रोल व्हिडिओ कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीनं ‘गेमलाइन’ काढली होती. अटारी २६०० या यंत्रात एक जाडजूड कॅसेट घालायची, तिला टेलिफोनची तार जोडायची आणि फोनवरून गेम उतरवून घ्यायचा. तो काही वेळा खेळून झाला की संपला. परत हवा असेल तर परत फोन, परत पैसे. हा धंदा बुडाला. पण तोच माणसांचा संच पुढं एओएल ही इंटरनेट कंपनी झाला.

१९८६मध्ये जपानात निन्टेन्डोनं दुकानांत यंत्रं बसवली. आपली जुनी फ्लॉपीसारखी डिस्क घेऊन जायची, ५०० येन द्यायचे, जुना गेम पुसून नवा भरून घ्यायचा. १९९४पासून अमेरिकेत ‘सेगा चॅनल’ केबल टीव्हीच्या तारेतून गेम पोहोचवत होता. १९९५मध्ये निन्टेन्डोनं जपानात ‘सॅटेलाव्ह्यू’ सुरू केलं. उपग्रहावरून ठरलेल्या वेळी गेम प्रक्षेपित व्हायचे, ते एका छोट्या मेमरी पॅकवर साठवायचे. काही गेम तर रेडिओ नाटकासारखे होते. पलीकडून आवाज थेट प्रक्षेपित होत असताना तेवढ्याच वेळात खेळायचे.

२०००मध्ये ते प्रक्षेपण बंद झालं. आता मागं काय उरलं ते बघा. काही हौशी लोक जपानातून जुने मेमरी पॅक विकत घेतात, त्यांवर कुणाचा तरी न पुसलेला गेम राहिला असेल या आशेनं. सापडला की त्याची प्रत काढून ठेवतात. त्याच कंपनीच्या त्याच काळातल्या कॅसेटी मात्र आजही जुन्या बाजारात मिळतात आणि चालतात. डिस्क आणि डाउनलोडमधला फरक मला याहून स्पष्ट कुठं दिसलेला नाही.

किल्ली डबीबाहेर जाते

गेमला कुलूप लावणं जुनंच. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९चा. आपल्या शाळांच्या आणि क्लासेसच्या कॉम्प्युटरवर तो सगळ्यांनी खेळलाय. त्यात पहिली पातळी ओलांडली की एका खोलीत अक्षरं लिहिलेल्या बाटल्या दिसायच्या. माहितीपुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर शोधायचं आणि त्याच अक्षराची बाटली प्यायची. चुकलात तर जीव कमी व्हायचा. म्हणजे किल्ली पुस्तिकेत होती, आणि पुस्तिका डबीत. डबी दुसऱ्याला दिली की किल्लीही गेली.

खरा बदल झाला १६ नोव्हेंबर २००४ला. व्हॉल्व कंपनीचा ‘हाफ-लाइफ २’ त्या दिवशी दुकानांत आला. दुकानातून डिस्क आणली तरी इंटरनेट जोडून ‘स्टीम’ या सेवेत खातं काढल्याशिवाय तो सुरू होत नव्हता. स्टीम त्याआधी वर्षभर, सप्टेंबर २००३पासून, चालू होतं. पहिल्या दिवशी सर्व्हरवर झुंबड उडाली आणि हातात डिस्क असलेले लोक स्क्रीनकडे बघत बसले. एकदा तो गेम खात्याला जोडला की ती डिस्क दुसऱ्याच्या उपयोगाची राहिली नाही. किल्ली आता डबीत नव्हती, व्हॉल्वच्या सर्व्हरवर होती.

बॉब्ज-मेरिलची सूचना परत आली ती अशी. १९०८मध्ये सूचना न जुमानणं दुकानदाराला शक्य होतं, कारण पुस्तक त्याच्या हातात होतं. आता सूचना पाळली जाते की नाही हे बघायला कोर्टही लागत नाही. प्रोग्रॅमच बघतो. जर्मनीतल्या ग्राहक संघटनेनं याविरुद्ध दावा लावला, पण २०१०मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं खातं हस्तांतरित न करू देण्याची व्हॉल्वची अट ग्राह्य धरली. २०१२मध्ये युरोपीय न्यायालयानं वेगळ्या एका खटल्यात म्हटलं की डाउनलोड केलेल्या सॉफ्टवेअरचा परवानाही पुन्हा विकता येतो. ग्राहकांच्या आशा वाढल्या. त्यावर विसंबून फ्रान्सच्या ग्राहक संघटनेनं लढा दिला आणि २०१९मध्ये पॅरिसच्या न्यायालयात ती जिंकलीही. २०२२मध्ये अपिलात निकाल उलटला. गेम म्हणजे निव्वळ सॉफ्टवेअर नाही, त्यात चित्र, संगीत, कथाही असते, म्हणून सॉफ्टवेअरचा तो नियम लागू नाही. २०२४मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानं यावरच शिक्का मारला.

डाउनलोडनं दिलंही खूप

इथवर वाचून मी डाउनलोडचा वैरी आहे असं वाटेल, तर थांबा. आपल्याकडचा डिस्कचा काळ सोन्याचा नव्हता. मुंबईचा लॅमिंग्टन रोड काय किंवा दिल्लीचा पालिका बाजार काय, तिथं पीएस२ला चिप बसवून मिळायची आणि पन्नास-शंभर रुपयांत नकली डीव्हीडी. मूळ डिस्क जिल्ह्याच्या ठिकाणी दिसतच नसे. दिसली तर मध्यमवर्गीय घरात तिची किंमत तोंडातून काढायची सोय नव्हती. पुण्यात नोकरीच्या पहिल्या वर्षी आम्ही चार रूममेट वर्गणी काढून एकेक मूळ डिस्क घ्यायचो, खेळून झाली की विकायचो आणि त्या पैशांत भर घालून पुढची आणायचो. एका डिस्कच्या पैशांत आम्ही वर्षभरात सहा गेम संपवले. पुण्यात हे जमायचं, कारण विकत घेणारा दुसरा गेमर दोन किलोमीटरवर होता. माझ्या गावी तो नव्हता.

गावापर्यंत गेम पोहोचला तो डाउनलोडनं. बीएसएनएलच्या काही ब्रॉडबँड योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ डेटा मोजला जात नसे. त्या सहा तासांसाठी पावणेदोनचा गजर लावून उठणारी एक आख्खी पिढी आहे. नोव्हेंबर २०१५मध्ये स्टीमनं रुपयांत किमती लावल्या, तेव्हा डॉलरच्या क्रेडिट कार्डाची अडचण गेली. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि डेटाचा भावच पडला. सेलमध्ये शंभर-दोनशे रुपयांत मिळणारा अस्सल गेम हे कितीतरी जणांच्या आयुष्यातलं पहिलं चोरीचं नसलेलं सॉफ्टवेअर होतं.

आणि बनवणाऱ्यांचं बघा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संचानं ‘राजी’ हा गेम केला. प्राचीन भारत, राक्षसांनी पळवलेला भाऊ आणि त्याला सोडवायला निघालेली मुलगी. २०१७मध्ये लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी त्यांनी तो रेटला आणि २०२०मध्ये तो निन्टेन्डो स्विचच्या ऑनलाइन दुकानात आला, मग बाकी यंत्रांवर. हजारो डिस्क छापा, डब्या बनवा, त्या जगभरच्या दुकानांत पोहोचवा, न खपलेल्या परत घ्या, असा खर्च आधी करायला लागला असता तर पुण्यातून असा गेम जगात गेला असता असं मला वाटत नाही.

तेव्हा डाउनलोड वाईट, असं म्हणणं सोपं आहे आणि खोटं आहे.

नाहीसं होणं

पण दुकान बंद होतं तेव्हा काय होतं?

ऑगस्ट २०१४मध्ये हिदेओ कोजिमा यांचा ‘पी.टी.’ नावाचा छोटा भयगेम पीएस४वर फुकट आला. एक बोळ, एक वळण, पुन्हा तोच बोळ. भयपटांच्या चाहत्यांनीही त्याला मानलं. तो ज्या मोठ्या गेमची झलक होता, तो रद्द झाला आणि एप्रिल २०१५च्या शेवटी कोनामी कंपनीनं ‘पी.टी.’ दुकानातून काढला. ज्यांनी आधी उतरवला होता, पण नंतर पुसला, त्यांनाही तो परत मिळेना. तो गेम आत असलेले पीएस४ लोक चढ्या भावानं विकू लागले. तसंच त्याआधी वर्षभर, फेब्रुवारी २०१४मध्ये, ‘फ्लॅपी बर्ड’च्या निर्मात्यानं स्वतःच आपला गेम मागं घेतला तेव्हाही झालं होतं. तो गेम असलेले फोन ईबेवर हजारो डॉलर सांगून विकायला निघाले. गंमत म्हणून सोडून देऊ नका. डबी काढून घेतली तेव्हा लोकांनी फोनचीच डबी केली.

२०१९मध्ये निन्टेन्डोनं वीचं ऑनलाइन दुकान बंद केलं, मार्च २०२३मध्ये थ्रीडीएस आणि वी यूचं, जुलै २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स ३६०चं. जे गेम डिस्कवर निघालेच नव्हते, ते त्या दिवसानंतर तिथं विकत घ्यायची सोय संपली. २०२३मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकी संस्थेनं पाहणी केली. अमेरिकेत २०१०पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. संशोधकांना असे गेम घरबसल्या, ग्रंथालयामार्फत बघता यावेत म्हणून कायद्यात सूट मागितली गेली, ती २०२४मध्ये नाकारली गेली.

फोनवर खेळणाऱ्यांना हे नवीन नसावं. २०१७मध्ये आयफोनचं आयओएस ११ आलं आणि ३२ बिटवाले जुने गेम एका अपडेटसरशी चालेनासे झाले. मी पैसे देऊन घेतलेल्या एका कोडी सोडवायच्या गेमचंही असंच झालं. एक दिवस उघडला तर नुसती पाटी, ही सेवा आता बंद आहे. किती वर्षं चालेल, हे विकताना कुणी सांगितलं नव्हतं. २ सप्टेंबर २०२०ला सरकारनं ‘पबजी मोबाइल’वर बंदी घातली. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय, पण कोट्यवधी फोनांवरचा एक गेम एका आदेशानं थांबू शकतो हे तेव्हा आपण सगळ्यांनी पाहिलं. पुस्तकावर बंदी आली तर जुन्या प्रती कपाटांत राहतात.

तबकडीही धुतल्या तांदळाची नाही

मग काय, परत डिस्क घ्यायच्या? तेवढ्यानंही भागत नाही. २०२२च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २’च्या पीएस५ डिस्कवर जेमतेम ७० एमबीच्या आसपास मजकूर होता, बाकी सगळा गेम डाउनलोड. जून २०२५मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २च्या बऱ्याच गेमच्या डबीत ‘गेम-की कार्ड’ असतं. त्यावर गेम नसतो, गेम उतरवायची किल्ली असते. ते मित्राला देता येतं, विकता येतं, हे चांगलं. पण निन्टेन्डोचा सर्व्हर आहे तोवरच.

‘द क्रू’ची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. युबिसॉफ्टचा हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४च्या डिसेंबरात आला. एकट्यानं खेळायचा तरी सर्व्हरशी जोडलेलं राहावं लागे. ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाले. डाउनलोडवाल्यांचा गेम गेला आणि डिस्कवाल्यांचाही गेला. कपाटात डबी उभी आहे, आत चकचकीत तबकडी आहे आणि ती कशालाच उपयोगी नाही.

त्याच वर्षी रॉस स्कॉट या यूट्यूबरनं ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. मागणी फुकट गेमची नाही. सर्व्हर कायम चालू ठेवा अशीही नाही. बंद करायचा तेव्हा गेम चालेल अशा अवस्थेत सोडून जा, एवढीच. युरोपीय संघाकडच्या त्यांच्या अर्जावर २०२५च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. तिकडे कॅलिफोर्नियानं २०२४मध्ये कायदा केला, तो २०२५पासून लागू झाला. डिजिटल वस्तू विकताना ‘विकत घ्या’ असं लिहायचं असेल तर तो फक्त परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. कायमची उतरवून ठेवता येणारी वस्तू असेल तर त्यातून सूट. कायदा कुणाचा गेम वाचवत नाही, शब्दाचा खोटेपणा तेवढा कमी करतो. पण त्यातली ती सूट मला महत्त्वाची वाटते. डबी आहे की नाही, हे त्या कायद्यानं विचारलेलंच नाही. विकल्यानंतर तुम्ही ती वस्तू परत काढून घेऊ शकता का, एवढंच विचारलंय.

असे डाउनलोड आहेतही. २००८पासून चालू असलेल्या ‘गॉग’ या ऑनलाइन दुकानात कुलूप नसलेले गेम मिळतात. फाइल उतरवायची, हार्ड डिस्कवर ठेवायची, दुकान उद्या बंद पडलं तरी गेम चालतो. म्हणजे डाउनलोड असूनही किल्ली तुमच्या हातात, आणि ‘द क्रू’ची डिस्क असूनही किल्ली दुसऱ्याकडे.

म्हणून मी हल्ली गेम घेताना तीन प्रश्न विचारतो. नेट बंद केलं तर चालेल का? कंपनी बंद पडली तर चालेल का? माझं खेळून झाल्यावर दुसऱ्या कुणाला देता येईल का? तिन्हींची उत्तरं ‘नाही’ असली तरी कधीकधी घेतो. मात्र तेव्हा विकत घेतला असं म्हणत नाही, भाड्यानं घेतला म्हणतो आणि त्याच हिशेबानं पैसे मोजतो. पीएस५चा नवा मोठा गेम आपल्याकडे सुरुवातीलाच ४,९९९ रुपयांना आला. तेवढं भाडं मला परवडत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आज जवळपास नेहमीच ‘नाही’ येतं. माझी भाची बारा वर्षांची आहे आणि चाळीसेक गेम खेळली आहे. त्यातला एकही तिनं मैत्रिणीकडून आणलेला नाही आणि एकही ती मैत्रिणीला देऊ शकत नाही. मैत्रिणीला हवा असेल तर ती तिला लिंक पाठवते. मैत्रिणीच्या घरी पैसे असतील तर ती तो घेते.